रविवारचा खडा

दर रविवारी सकाळी दहा वाजता मी माझ्या थोरल्या भावासमोर बसून मोठ्याने वाचायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा. अशी चौदा वर्षं गेली. लोक रविवारी झोपा काढतात, फिरायला जातात, निदान भांडतात तरी. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून "कंस सुरू, लांबी बारापेक्षा लहान, कंस पूर्ण, नसेल तर परत फिर" असलं काहीतरी घोकत असू. शेजारच्या बाईंना बरीच वर्षं वाटत होतं की आम्ही कुठल्यातरी पंथात शिरलोय.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. लिनक्स फुकट मिळतं. ते आणि त्याच्यावर चालणारे हजारो प्रोग्रॅम जगभरची माणसं आपापल्या घरी बसून लिहितात. ते गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे, नीट बांधून लोकांच्या हातात द्यायचे आणि मग त्यात रोज सापडणारी भोकं रोज बुजवत बसायचं, या उद्योगाला डिस्ट्रो चालवणं म्हणतात. मोठ्या डिस्ट्रोंच्या मागे कंपन्या असतात, पगारी माणसं असतात. आमच्या डिस्ट्रोमागे आम्ही तिघं होतो, तेही पोटापाण्याचं काम सांभाळून. मी कॉलेजच्या लायब्ररीतले कॉम्प्युटर बघते. दादा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. तिसरा माणूस दुसऱ्या शहरात राहतो, त्याला मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्याच्या घरातल्या एका खोलीत सहा मशिनं दिवसरात्र प्रोग्रॅम बांधत असतात आणि त्यांच्या उष्णतेने तो बारा महिने बनियनवर बसतो, म्हणून आम्ही त्याला भट्टीवाला म्हणतो.

दादाने ही डिस्ट्रो काढली ती जुन्या कॉम्प्युटरांसाठी. जी मशिनं नव्या प्रणालीने गुदमरतात आणि भंगारात जातात, ती आमच्यावर चालायची. शाळा, वाचनालयं, लहान दवाखाने, दुरुस्तीची दुकानं. वापरणारे किती, ते आम्हाला कधीच नेमकं कळलं नाही. भट्टीवाल्याच्या अंदाजाने चाळीस हजार.

चाळीस हजार मशिनं आमच्यावर विश्वास ठेवायची ती एका सहीच्या जोरावर. ही कागदावरची सही नव्हे. एक गुप्त चावी असते, तिने आम्ही दर आठवड्याच्या बदलांवर शिक्का मारायचो, आणि लोकांची मशिनं तो शिक्का बघून बदल मुकाट आत घ्यायची. मालकाला उठवायची नाहीत, विचारायची नाहीत. ती चावी एका जुन्या लॅपटॉपमध्ये होती. तो लॅपटॉप नेटला कधीच जोडलेला नव्हता, तो दादाच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर असायचा. पासवर्ड दोन तुकड्यांत. पहिली अकरा अक्षरं फक्त दादाला ठाऊक, उरलेली फक्त मला. एकाला लहर आली म्हणून सही होता कामा नये, हा दादाचा हट्ट.

आणि सहीच्या आधी वाचन. हे आलं बाबांकडून. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकाने मूळ मजकूर काना-मात्रा-स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकत तपासायचा, ही त्यांच्या धंद्याची रीत. घरी काम आणलं की वाचायला ते आम्हाला बसवायचे. आम्हाला कंटाळा यायचा, म्हणून त्यांनी एक खेळ काढला. वाचताना मध्येच एक चुकीचा शब्द मुद्दाम घुसवायचा. निवडलेल्या धान्यात कुणीतरी खडा टाकावा तसा. बाबांनी तो पकडला की ते न बघताच म्हणायचे, "खडा." नाही पकडला तर आम्हाला एक गोळी मिळायची. लहानपणभर आम्हाला मोजून चार गोळ्या मिळाल्या असतील.

दादाने तो खेळ घेतला आणि त्याचा कायदा केला. शुक्रवारी मी बदलांचे कागद त्याला आणून द्यायचे. ते तो पेन्सिल घेऊन एकटा वाचायचा. रविवारी कागद न घेता ऐकायचा, कारण त्याचं म्हणणं, डोळा चुकार असतो, सरावाने पुढे सरकतो, कानाला तसं करता येत नाही. प्रत्येक रविवारी मी निदान एक खडा टाकायचा. त्याने तो पकडला तर सही. निसटला तर त्या दिवशी सही नाही, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. वाचताना घरातल्या कुणी मध्ये बोलायचं नाही. हे सगळं त्याने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं. तेरा वर्षांत खडा दोनदा निसटला. एकदा त्याला ताप होता, एकदा बाबा जाऊन आठवडा झाला होता.

मागच्या वर्षी, थंडी संपता संपता, तिसऱ्यांदा निसटला.

मी "मोठं" च्या जागी "लहान" वाचलं होतं. इतका ढळढळीत खडा की मला वाचतानाच लाज वाटली. दादा म्हणाला, "हं, पुढे." मी थांबले. म्हटलं, "दादा, खडा गेला."

त्याने डोळे उघडले. "तू टाकलाच नव्हतास."

"टाकला होता. 'लहान' वाचलं मी."

"तू नीट वाचत नाहीस हल्ली," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस." मग आम्ही कचाकचा भांडलो. मी साठीच्या भावाला हट्टी म्हातारा म्हटलं, त्याने मला अजून काय काय म्हटलं. पण नियम त्याचाच होता, त्यामुळे त्या दिवशी सही झाली नाही.

पुढच्या रविवारी त्याने बरोबर असलेल्या एका ओळीला खडा म्हटलं आणि खरा खडा सोडून दिला. मी निघाले तेव्हा वहिनी जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेऊन तिने हळू आवाजात सांगितलं की डॉक्टरांना दाखवून दोन महिने झाले, आणि डॉक्टरांनी त्या आजाराचं नावही सांगितलंय. त्याला दुकानाचा रस्ता आठवत नाही. दूधवाल्याला तो त्याच्या जुन्या साहेबाच्या नावाने हाक मारतो. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "त्याने शपथ घातली होती. तुला कळलं तर तू रविवार बंद करशील म्हणून."

"बंद करावाच लागेल, वहिनी."

तिने माझं मनगट धरलं. "ऐक माझं. सहा दिवस तो या घरात हरवलेला असतो. रविवारी सकाळी स्वतः दाढी करतो. इस्त्रीचा शर्ट मागतो. तो एक तास माझा नवरा मला परत मिळतो गं. तेवढं काढून घेऊ नकोस. काम तर सगळं तूच करतेस ना? तू तपासतेस ना नीट?"

मी तपासत होतेच. हे मी स्वतःला तिथेच, जिन्यावर सांगितलं आणि मला ते पटलंही. काम मी करते, बांधून भट्टीवाला बघतो, चाचण्या मशिनं करतात. दादाचं ऐकणं म्हणजे शेवटची चाळणी, आणि इतकी वर्षं चाळणीत फारसं काही अडकलंही नव्हतं. पासवर्डाची तर अडचणच नव्हती. त्याला दूधवाला आठवत नव्हता, पण लॅपटॉप पुढे ठेवला की बोटं अकरा अक्षरं धडाधड मारायची.

पुढच्या रविवारी मी खडा टाकला नाही. सरळ वाचत गेले, तो "हं, पुढे," म्हणत गेला. संपल्यावर त्याने विचारलं, "आज खडा नव्हता?"

"होता की," मी म्हटलं. "पकडलास तू."

तो इतका छान हसला. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती. असे सात महिने गेले. शुक्रवारचे कागद मी नेऊन देत राहिले. ते टेबलाच्या खणात जसेच्या तसे पडलेले मला दिसायचे, एकावरही पेन्सिलीची खूण नव्हती.

सातव्या महिन्यात एक भोक जाहीर झालं. दुसऱ्या ठिकाणाहून मशिनमध्ये शिरायचा जो प्रोग्रॅम असतो, त्यातलं. विशिष्ट तऱ्हेचं नाव पाठवलं तर पासवर्ड न विचारताच तो आत घेत होता. मूळ लेखकांनी दुरुस्ती दिली, पण ती त्यांच्या नव्या आवृत्तीसाठी. आम्ही जुन्या मशिनांवाले, आमच्याकडे चार वर्षांपूर्वीची आवृत्ती. अशा वेळी नव्या कापडाचं ठिगळ जुन्या कपड्याला बसेल असं कापून घ्यावं लागतं. हे काम मी शेकडो वेळा केलंय. त्या दिवशी लायब्ररीत परीक्षेची गर्दी होती, मी जेवणाच्या सुट्टीत बसून ते कापलं. नव्या आवृत्तीत ज्या ओळीवर दार उघडायचं, त्याच्या आधी तपासणी बसवायची होती. जुन्या आवृत्तीत दार तीन ओळी आधीच उघडत होतं. मी तपासणी नव्यातल्याच जागी बसवली. म्हणजे रखवालदार नेमला, पण पाहुणा आत जाऊन बसल्यावर.

भट्टीवाल्याच्या चाचण्यांत ते निघालं नाही, कारण त्या चाचण्याही मीच लिहिल्या होत्या. रविवारी मी त्या ओळी दादाला वाचून दाखवल्या, कंस, अर्धविराम, सगळ्यासकट. माझा स्वतःचाच आवाज त्या चुकीवरून गेला. पूर्वीच्या दादाने मला तिथे अडवलं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. "थांब. मागे जा. दार कुठे उघडलं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. असल्या कितीतरी चुका त्याने पूर्वी अशाच पकडल्या होत्या, मी जिन्यावर चाळणीला नावं ठेवली तरी.

"हं, पुढे," दादा म्हणाला. त्याने अकरा अक्षरं मारली, मी माझी मारली, आणि संध्याकाळपर्यंत चाळीस हजार मशिनांनी ते ठिगळ मुकाट लावून घेतलं. भोक बुजलं असं समजून लोकांनी आपले तात्पुरते अडसर काढून टाकले.

सोळा दिवसांनी भट्टीवाल्याचा फोन आला. तो एरवी लिहितो, फोन करत नाही.

"ताई, बसली आहेस का?"

"काय झालं ते सांग."

"तुझी तपासणी दारानंतर आहे. मी आत्ता ओळ ओळ बघितली." मग तो म्हणाला, "एका डायलिसिस केंद्रातून पत्र आलंय. त्यांचं सगळं कुलूपबंद करून कुणीतरी खंडणी मागतंय. त्याच भोकातून शिरलेत."

"आपल्यावर चालतात ते?"

"अकराच्या अकरा मशिनं. मी सही बघतो फक्त, ताई. सही होती, म्हणून पुढे ढकललं." शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला. दुरुस्ती त्याच दिवशी करून आम्ही पाठवली, कामाचा दिवस होता तरी मी दादाकडे जाऊन वाचलं, आणि मी त्याही दिवशी खडा टाकला नाही.

दोन दिवसांनी रजा टाकून मी त्या केंद्रावर गेले. पाच तासांचा प्रवास. का गेले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. एका दुमजली इमारतीचा वरचा मजला, लांबट खोली, आठ खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक यंत्र. पायाशी जाड पांघरुणं, कारण रक्त बाहेर फिरून येतं तेव्हा माणसाला थंडी वाजते. टेबलावरच्या कॉम्प्युटरला आमच्या डिस्ट्रोच्या चिन्हाचं स्टिकर लावलं होतं, दादाने काढलेलं. नर्स खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर हाताने वेळापत्रक लिहीत होती.

तिथले कॉम्प्युटर बघणारा माणूस माझ्याच वयाचा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. यंत्रं ठीक होती, तो म्हणाला, पण कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, कुणाला रक्त पातळ करायचं औषध किती, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये. अंदाजाने हे करता येत नाही. दोन दिवस त्यांनी पेशंट मोठ्या इस्पितळात पाठवले.

"सगळे गेले?" मी विचारलं.

उत्तर नर्सने दिलं. "तीन नंबरच्या आजी नाही गेल्या. त्यांना न्यायला कुणी नव्हतं. मला म्हणाल्या, तुमचं सुरू झालं की येते, एक दिवसाने काय होतंय." ती पुठ्ठ्यावर रेघ मारत राहिली. "तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या."

तीन नंबरच्या खुर्चीवर आता एक तरुण बाई होती, ती मोबाइल बघत होती. खुर्चीच्या मागच्या खुंटीवर एक तपकिरी स्वेटर लटकत होता. कुणाचा ते मी विचारलं नाही.

निघताना तो माणूस जिन्यापर्यंत आला. "मी दोष देत नाही तुम्हाला," तो म्हणाला. "फुकट वापरतो आम्ही. आमचा बॅकअपही त्याच नेटवर्कवर होता, तो माझा गाढवपणा. पण मला वर उत्तर द्यायचंय, आणि झोपही लागत नाही. एवढंच सांगा. सही करण्याआधी कुणीतरी वाचलं होतं ना ते?"

"हो," मी म्हटलं. "दोघांनी वाचलं होतं."

त्याने मान डोलावली. त्याला खरंच हलकं वाटलं, मला दिसलं. परतीच्या गाडीत पाच तास मी खिडकीबाहेर बघत बसले आणि स्वतःला यच्चयावत शिव्या दिल्या, ज्या मला येतात त्या सगळ्या.

चावी रद्द करणं भाग होतं. आमच्या सहीला काही अर्थ उरला नव्हता, हे मला आणि फक्त मलाच ठाऊक होतं. चावी बनवली त्याच दिवशी तिला मारण्याचा कागदही बनवून ठेवतात. त्यावर अक्षरांची एक लांबलचक माळ असते. ती जाहीर केली की जगातलं प्रत्येक मशीन त्या चावीची सही नाकारतं, कायमची. आमचा कागद बाबांच्या फोटोच्या चौकटीमागे एका पाकिटात होता. नवी चावी मी आणि भट्टीवाला बनवणार होतो, तिच्यात दादाचा वाटा नसणार होता. आणि चावी का मारली, याचं निवेदन लोकांना द्यायचं होतं. निवेदन मी चार वेळा लिहिलं. चौथ्या खर्ड्यात चूक माझी होती, स्वच्छ शब्दांत, ठिगळ चुकीच्या जागी बसलं असं. त्याखाली एक वाक्य होतं: "हा बदल सही होण्यापूर्वी दोघांनी नेहमीच्या रीतीने वाचून तपासला होता." त्या वाक्याने दादाची अब्रू वाचत होती, वहिनीची वाचत होती, आणि त्या जिन्यावरचा माणूस झोपू शकत होता. त्यामागे मीही वाचत होते, हे ओघाने आलंच.

दादाच्या कायद्यानुसार चावी मारण्यालाही दोन माणसं लागत. एकाने वाचायचं, एकाने ऐकायचं.

त्या रविवारी तो नेहमीसारखा बसला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, फक्त एक गुंडी चुकल्यामुळे कॉलर तिरकी. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. केंद्र, कुलूप, चावी. तो "अरेरे" म्हणाला. दोन मिनिटांनी त्याने विचारलं, "आज किती आहेत?"

"एकच आहे, दादा. निवेदन."

"वाच."

त्याने डोळे मिटले, तळवे टेबलावर पालथे ठेवले. वहिनी मागे भांडी घासत होती. मी वाचायला लागले, सावकाश, बाबांना वाचायचे तसं. तारीख, पूर्णविराम. प्रोग्रॅमचं नाव. "हं, पुढे." ठिगळ कुठे बसायला हवं होतं, कुठे बसलं. "हं, पुढे." एका केंद्राला त्रास झाला, तिथे एक जीव गेला, त्याचा संबंध नाकारण्याची आमची हिंमत नाही. त्याने नुसती मान हलवली. मग ते वाक्य आलं. "हा बदल सही होण्यापूर्वी दोघांनी नेहमीच्या रीतीने वाचून तपासला होता, पूर्णविराम."

"खडा," दादा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"खडा आहे. परत वाच."

मला आधी राग आला. भयंकर राग. सात महिने झोपला होतास, मनात म्हटलं, आणि आज, नेमका आज जागा झालास? मग मी कागद टेबलावर ठेवला. त्याला कळलं होतं का? की नेम नसलेला दगड लागला, त्या रविवारी बरोबर ओळीला खडा म्हणाला होता तसा? मला माहीत नाही. अजूनही नाही. त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि तो वाट बघत होता.

मी पेन काढलं, ते वाक्य खोडलं, आणि त्याच्या वर लिहिलं. बराच वेळ लागला. मग वाचलं. "आमच्याकडे प्रत्येक बदल एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकून तपासायचा अशी रीत आहे, पूर्णविराम. गेले सात महिने ती फक्त नावाला चालू होती, पूर्णविराम. ऐकणारा आजारी होता, स्वल्पविराम, आणि वाचणारीला ते माहीत होतं, पूर्णविराम. केंद्रातल्या माणसाला मी याउलट सांगितलं, ते खोटं होतं, पूर्णविराम."

नळ बंद झाला. वहिनी ओले हात तसेच घेऊन वळली. "हे असं चारचौघांत मांडणार तू? त्याचं?"

"त्याचं नाही, वहिनी. माझं."

"आजार कुणाचा आहे मग? आणि जिन्यावर मी बोलले ते? माझ्या सांगण्यावरून केलंस ते?"

"वाचन चालू आहे," दादा डोळे न उघडता करड्या आवाजात म्हणाला. "मध्ये बोलायचं नाही." वहिनीने पदराला हात पुसले आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. तिने दार आपटलं नाही, हळूच लावलं.

"हं, पुढे," दादा म्हणाला.

मी शेवटपर्यंत वाचलं. त्याने आणखी कुठे अडवलं नाही. मग चौकटीमागचं पाकीट फोडलं आणि कागदावरची माळ एकेक अक्षर करत लॅपटॉपमध्ये घातली. आधी त्याच मशिनवर चावी मारली, मग तेच पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या मशिनवरून निवेदनासकट भट्टीवाल्याला पाठवलं. त्याचं उत्तर पाच मिनिटांनी आलं: "वाचलं. जसंच्या तसं लावतो. ताई, तू मला का नाही सांगितलंस?" जिन्यावरच्या माणसाला मी वेगळं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही, येईल असं वाटत नाही.

मी फोन खाली ठेवला तोवर दादाने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला होता. वाचन झालं की सही, हे त्याच्या हातांना पक्कं ठाऊक. त्याने अकरा अक्षरं मारली, एकदाही न अडखळता, आणि मशीन माझ्याकडे सरकवलं. "तुझं टाक."

मला नाही म्हणवलं नाही. मी माझी अक्षरं मारली. पडद्यावर एक ओळ उमटली. त्याने चष्मा वर करून ती वाचली.

"चावी रद्द झालीय म्हणतंय. कुणी केली?"

"आपण दोघांनी. आत्ता."

"वाचून?"

"वाचून."

त्याने तिरक्या कॉलरवरून बोट फिरवलं. "खडा होता?"

"होता, दादा," मी म्हटलं. "पकडलास तू."

तो हसला, तसाच छान. मग त्याने डोळे मिटले, तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाला, "हं, पुढे."

माझ्या हातात वाचायला काही नव्हतं.